आठ जण, दोन शेगड्या आणि एक चूल: मयेतल्या रविवारच्या नोंदी

मे २०२४. डिचोलीतले आम्ही काही मित्र दर उन्हाळ्यात एक रविवार बाबलोच्या मये गावातल्या घरी जमतो आणि दिवसभर रांधून खातो. गेल्या वर्षी बिर्याणी झाली. यंदा थाई आणि जपानी पदार्थ, तेही पाकिटं न फोडता. मी वही घातली ती एवढ्याचसाठी की पुढच्या माणसाने त्याच खड्ड्यात पाय घालू नये. कृती शोधल्या तर ढिगाने मिळतात, पण मे महिन्यातल्या गोव्यात, वीज जात-येत असताना, दोन शेगड्यांवर त्यांचं काय होतं ते कुठे मिळालं नाही.

३ मे, शुक्रवार

टूम बाबलोची. यंदा म्हापशात बोडगेश्वराच्या जत्रेत गोबी मंच्युरियनवर बंदी आली तेव्हापासून त्याचं चाललं होतं, "ते लाल रंगाचं चायनीज सोडा, खरं काहीतरी करूया." आज फोनाफोनी होऊन बेत पक्का झाला: हिरवी थाई करी, कोंबडीच्या रश्श्यातले रामेन नूडल्स, ग्योझा (सारण भरलेल्या छोट्या जपानी करंज्या) आणि शेवटी चिकट भात आणि आंबा. मास्तरांना सूशी हवी होती. मे महिन्यात कच्चा मासा मी कोणाला वाढणार नाही, असं सांगितल्यावर विषय मिटला.

माणसं आठ. मी आणि बायको, मास्तर आणि वहिनी, बाबलो आणि त्याची आई (आमची काकी), बँकेतले दोघे. या दोघांना कांदा चिरण्यापलीकडे काही येत नाही, पण चिरतात भराभर.

तारीख १९ मे, रविवार. हातात सोळा दिवस. मला वाटलं, भरपूर झाले.

५ मे, रविवार

नूडल्सची पहिली चाचणी. रामेनचा पिवळा रंग आणि चावताना लागणारा ताण अंड्यामुळे येतो असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. तो येतो क्षारामुळे. जपानी लोक पिठात कान्सुई घालतात, म्हणजे सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेट. वाचल्यावर पहिली आठवण झाली पापडखाराची. घरात डबा होताच.

अर्धा किलो मैदा, दोन चमचे पापडखार, दोनशे मिलिलिटर पाणी. पीठ डोळ्यांदेखत पिवळं झालं. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो ना, तशातलाच प्रकार, इथे मैद्यातलेच पदार्थ क्षाराने रंग बदलतात. आनंद तिथेच संपला. शिजवल्यावर साबण चावल्यासारखी चव, वर घशाला बोचरेपणा. मधूनमधून करडे ठिपके, कारण पापडखार मी पाण्यात विरघळवून गाळला नव्हता. अर्धा किलो मैदा केराच्या टोपलीत.

संध्याकाळी दुसरा उपाय. खायचा सोडा पन्नास ग्रॅम घेतला, ताटलीत पसरला आणि ओटीजीत दीडशे अंशांवर तासभर ठेवला. तापला की त्यातून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्बोनेट उरतं. झालं की नाही हे ओळखायचं वजनावरून: पन्नासाचे साधारण बत्तीस ग्रॅम उरायला हवेत. माझे पहिल्या तासात छत्तीस भरले, आणखी वीस मिनिटांनी बत्तीस. ही पूड ओल्या हाताने चाळवू नका. मी चाळवली, रात्रभर बोटांची साल खाजत होती. बाटलीवर नाव लिहा, नाहीतर कोणीतरी केकमध्ये घालेल.

या खेपेला अर्ध्या किलोला पाच ग्रॅम, पाण्यात विरघळवून. चव बरोबर आली. आता त्रास पिठाचा. एवढ्या कमी पाण्यात ते मळलं जात नाही, रवाळ भुगाच राहतो. जपानात असलं घट्ट पीठ पिशवीत घालून पायाने तुडवतात. मी स्वच्छ पिशवी घेतली, पाय धुतले आणि उभा राहिलो. तेवढ्यात बायको आत आली.

"अन्नाला पाय लावता?"

पिशवी आहे मध्ये, वगैरे सांगून उपयोग नव्हता. तिने माळ्यावरचं मुसळ काढून दिलं. मुसळाने ठेचलं, घडी घातली, पुन्हा ठेचलं. वीस मिनिटांत पीठ गुळगुळीत झालं. मग तासभर झाकून ठेवलं. ही विश्रांती चुकवू नका, तिच्याशिवाय लाटणं चालत नाही. लाटून, कॉर्नफ्लॉवर भुरभुरून, सुरीने कापून अर्धा किलोला पावणेदोन तास गेले. आठ जणांना किलोभर लागेल. उरलेलं गणित मी त्या रात्री केलं नाही, करायला हवं होतं.

७ मे, मंगळवार

मतदानाची सुट्टी. रश्श्याची चाचणी.

कोंबडीवाल्याकडून दोन किलो सांगाडे आणि पाय आणले. पाय हवेतच, रश्श्याला चिकटपणा त्यांनीच येतो. आधी एक उकळी देऊन ते पाणी ओतून टाकलं, हाडं धुतली, मग ताजं पाणी. सकाळी आठला पातेलं चढवलं, आच मंद केली आणि आम्ही मतदानाला गेलो. अर्ध्या तासात परत येऊ असं वाटलं होतं. केंद्रावर रांग, ओळखीची माणसं, नंतर चहा. दोन तासांनी परतलो तेव्हा पाणी हाडांच्या खाली गेलं होतं आणि बूड लागलं होतं. तळाची हाडं काढून वरचं वाचवायचा प्रयत्न केला, पण जळकेपणा सगळ्या पातेल्यात उतरलेला. बोटावरची शाई वाळायच्या आत दोन किलो हाडं वाया.

दुपारी पुन्हा दोन किलो, या वेळी कुकरमध्ये. पहिल्या शिटीनंतर मंद आचेवर सव्वा तास. रस्सा चवीला उत्तम, पण पातळ आणि पारदर्शक. दुधासारखा पांढरा हवा असेल तर चरबी पाण्यात घुसळली गेली पाहिजे, आणि बंद कुकरात घुसळण होत नाही. म्हणून झाकण काढून मोठ्या आचेवर चाळीस मिनिटं खळाखळा उकळला, हाडं डावाने ठेचत. तेव्हा रंग चढला.

वजनकाट्यावर सिलिंडर आधी आणि नंतर ठेवून पाहिला. उघड्या पातेल्याचा सगळा खटाटोप, जळलेला धरून, पाऊण किलो गॅस. कुकर आणि उकळी मिळून साडेतीनशे ग्रॅम. पाच-सहा तास रस्सा शिजवण्यात काय मौज आहे ती ज्याच्याकडे फुकटचं सरपण आहे त्याने अनुभवावी.

१० मे, शुक्रवार

अक्षय्य तृतीया आणि म्हापशाचा शुक्रवारचा बाजार एकाच दिवशी. अर्धा दिवस रजा टाकली.

आंबा: मानकुराद नऊशे रुपये डझन. घासाघीस केली, बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. दीड डझन घेतले, जरा कडक, रविवारपर्यंत पिकायला नको म्हणून.

सुक्या मासळीच्या ओळीत गालमो घेतला, म्हणजे आपला बारीक जवळा. थाई वाटणात कोळंबीची आंबवलेली चटणी लागते, तिच्याऐवजी. बालचांव (कोळंबीचं तिखट लोणचं) आम्ही लहानपणापासून गोव्याचंच समजून खातो, पण मलय लोक याच कोळंबीच्या चटणीला बलाचान म्हणतात आणि मकावचे लोक त्यांच्या अशाच चटणीला बालिशांव. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि १५११ मध्ये मलाक्का, त्यानंतर या जहाजांवरून काय काय इकडचं तिकडे झालं ते या नावांत दिसतं. मिरचीसुद्धा त्यांनीच आणली, नाहीतर हिरवी करी कसली हिरवी. पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचे, दिवस असल्याने गालमोच्या ढिगांपाशी गर्दी होती. शंभर रुपयांचा घेतला.

कोथिंबीरवालीकडे मुळ्यांसकट जुड्या मागितल्या. मुळ्या ती आधीच कापून खाली टाकत होती. "मुळ्यांचं काय करणार?" वाटणार म्हटलं. तिने खालचा ढीग पायाने माझ्याकडे सरकवला, फुकट. थाई वाटणात पानांपेक्षा या मुळ्यांचा वास महत्त्वाचा. माती काढायला मात्र अर्धा तास आणि जुना टूथब्रश लागला.

चिकट तांदूळ बाजारात नाही. एक जण आंबेमोहोर पुढे करत होता, "हा पण चिकटतो." चिकटतो, पण हे वेगळं वाण आहे. शेवटी परदेशी माल ठेवणाऱ्या दुकानात एक किलो ४८० रुपयांना मिळाला, तिथेच फिश सॉस ३२०.

गॅलंगल, म्हणजे आल्याच्या जातीचं कुलिंजन, ताजं कुठेच नव्हतं. आयुर्वेदिक दुकानात सुकं मिळालं, साठ रुपये. दुकानदाराने विचारलं, "घसा बसलाय का?"

१२ मे, रविवार

वाटणाची चाचणी आणि दिवसभराची भांडणं.

गवती चहा अंगणात आहे, म्हणून मी निश्चिंत होतो. पानं कापली, मिक्सरला लावली. गवत. अक्षरशः गवत चावल्यासारखं. चहात आपण पानं घालतो, पण वाटणात लागतो तो बुंध्याचा पांढरा कोवळा भाग, जमिनीपासून चार बोटं. त्यासाठी गड्डाच उपटावा लागतो. उपटला, पानांच्या धारेने तळहात कापला, त्यावर हिरव्या मिरच्यांचं वाटण. पुढचं लिहीत नाही.

सुकं कुलिंजन रात्रभर भिजवलं होतं. तरी लाकूडच. मिक्सरमध्ये तारा निघाल्या आणि सगळ्या वाटणाला काढ्याचा वास आला. दुसऱ्या खेपेला फक्त छोटा तुकडा किसून, बाकी आलं. आल्याची चव वेगळी आहे, हे खरं. पण काढ्यापेक्षा बरी.

थाई करीत लागणारी मखरूत लिंबाची पानं नव्हती. बाबलोने पपनसाची आणली. तसंच देठापाशी जोडलेलं छोटं पान, दिसायला भाऊ शोभतो. वास निम्मा. उकळू दिलं तर कडवट होतं, म्हणून बारीक चिरून शेवटी, गॅस बंद करताना. साध्या लिंबाची साल किसून जोडीला घातली तेव्हा कुठे जमलं.

मग तुळशीचा प्रश्न. थाई लोक एका परतलेल्या पदार्थात तुळसच घालतात, आपली तीच. मास्तर उत्साहाने म्हणाले, अंगणात वृंदावन आहेच, चार पानं घेऊ. काकी ओसरीवर बसून ऐकत होती.

"तुळस? आनी ती कोंबयेंत?"

मास्तर भिंतीकडे पाहू लागले. तसंही करीत लागते ती दुसरी, गोडसर वासाची, आणि ती सब्जाच्या जातीची. फुलवालीकडे गजऱ्यासाठी सब्जाच्या काड्या असतात, त्यातल्या घेतल्या. मला तर यात काही कमी जाणवलं नाही.

सगळ्यात मोठा धडा नारळाचा. दोन नारळांचं दूध काढलं, पहिलं दाट आणि दुसरं पातळ, आणि सवयीने एकत्र करून टाकलं. त्यात वाटण घातलं. चव पाणचट, वाटण कच्चं. चूक अशी, की थाई करीत दाट रस आधी एकटा कढईत घेऊन आटवायचा, तो फुटेपर्यंत, तेल सुटेपर्यंत, आणि त्या तेलात वाटण परतायचं. आपल्याकडे रस फुटला की सुगरणीची अब्रू जाते. हुमण (माशांची आमटी) ढवळत राहा, उकळी येऊ देऊ नका, हेच ऐकत आलो. आता मुद्दाम फोडायचा. आमच्यापैकी कोणाचा हातच होईना, डाव आपोआप फिरायला लागे. काकीला हे सांगितल्यावर ती उठून आत गेली.

डब्यातलं दूध मात्र या कामाला घेऊ नका. माझ्याकडे एक डबा होता म्हणून करून पाहिलं. त्यात ते फुटू नये म्हणून काहीबाही घातलेलं असतं, वीस मिनिटं आटवलं तरी नुसतं दाट खीर.

१५ मे, बुधवार

चिकट भात. कुकरला लावला, खळ झाली. पतंगाला लावता येईल अशी. दुसरा वाटा रात्री भिजवून सकाळी मोदकपात्रात ओल्या कपड्यावर पसरून पंचवीस मिनिटं वाफवला, मध्ये एकदा उलटला. दाणा न् दाणा वेगळा आणि तरीही एकमेकांना धरून. गरम असतानाच त्यावर साखर आणि मीठ घातलेला दाट रस ओतून पंधरा मिनिटं झाकून ठेवायचा. यात आणखी काही सांगण्यासारखं नाही.

१६ मे, गुरुवार

नूडल्सचं टाळलेलं गणित आज केलं. किलोभर पिठाला साडेतीन तास, म्हणजे रविवारची अख्खी सकाळ. त्यामुळे रामेन फक्त चाखण्यापुरता, प्रत्येकी अर्धा वाडगा, आणि करीबरोबर दुसरं काहीतरी.

दुसरं काय, ते शोधताना कळलं की थायलंडात ही हिरवी करी भाताइतकीच खनोम चिनबरोबर खातात. तांदळाच्या पिठाचा गोळा अर्धवट शिजवायचा, मळायचा आणि साच्यातून दाबून शेवया पाडायच्या. म्हणजे शिरवाळ्या! फरक इतकाच की ते उकळत्या पाण्यात पाडतात आणि आपण शिजवलेले उंडे ताटात. बाबलोच्या माळ्यावर लाकडी साचा आहे, काकीला विचारलं. तिचं म्हणणं, शिरवाळ्या गुळाच्या रसाबरोबर खातात, तिखटाबरोबर खाऊन काय करणार. पण साचा दिला. त्याच्या जाळीत गेल्या खेपेचं पीठ दगड होऊन बसलं होतं, दाभणाने एकेक भोक मोकळं करायला बाबलोला तास लागला.

१८ मे, शनिवार

आदल्या दिवशीची तयारी. वाटण, नूडल्स, रस्सा, ग्योझा. ग्योझाच्या पारीसाठी गरम पाण्यात मळलेला मैदा, सारण कोळंबी आणि कोबीचं. कोबीला मीठ लावून घट्ट पिळा, नाहीतर पारी फाटते. साठ ग्योझा वहिनींनी आणि बायकोने बसून भरले, कडेला सुंदर चुण्या घालून, आणि फ्रीजरमध्ये ठेवले.

साडेपाचला वळवाची सर आली आणि वीज गेली. मिक्सरमध्ये वाटण अर्धवट. बाबलो म्हणाला, रगड्यावर वाटू, दगडाची चवच न्यारी. एक तास वीस मिनिटं वाटलं. गवती चहाचे धागे मिक्सरपेक्षा चांगले मोडले, एवढं कबूल. बाकी चवीत फरक मला सांगता आला नाही, आणि डोळे बंद करून चाखायला लावलं तेव्हा बाबलोलाही नाही. हात दोघांचेही जळत होते.

वीज साडेनऊला आली. फ्रीजर उघडून बघायचं कोणाला सुचलं नाही.

१९ मे, रविवार

८.००. मये. बाहेर घाम, आत त्याहून जास्त. दोन शेगड्या आत, अंगणात चूल. मी कागदावर वेळापत्रक लिहून आणलं होतं, जेवण दीड वाजता.

८.४०. फ्रीजरचा डबा उघडला. साठ ग्योझांचा एक ग्योझा झाला होता. रात्री विरघळले, चिकटले, मग वीज आल्यावर तसेच गोठले. सुटे करायला गेलो तर पाऱ्या फाटून सारण बाहेर. वहिनी काही बोलल्या नाहीत, हे बोलण्यापेक्षा वाईट होतं.

९.१५. बिडाच्या मोठ्या तव्यावर तो सगळा गोळा थापून, तेल सोडून, वर झाकण आणि कडेने पाणी. खालून खरपूस, वरून वाफवलेला, एक थालीपीठच. त्रिकोणी तुकडे करून सोया सॉस आणि व्हिनेगरबरोबर खाल्ला. बँकेतल्या दोघांना वाटलं पदार्थच असा आहे. आम्ही दुरुस्ती केली नाही.

१०.००. नारळ फोडणं, खवणं, रस. बारा नारळ. एका शेगडीवर रश्श्याची दुसरी उकळी, दुसरीवर मोदकपात्र. करीला शेगडी नाही. हे वेळापत्रकात माझ्या लक्षात कसं आलं नाही? पदार्थांच्या वेळा लिहिल्या, आगीच्या लिहिल्या नाहीत. एकाच वेळी रस्सा, भात, करी, नूडल्सचं पाणी आणि शिरवाळ्यांचे उंडे, म्हणजे पाच जाळ हवे होते. होते तीन.

१०.४५. करी चुलीवर नेली. इथे काकी आली. तिने न विचारता दोन लाकडं मागे ओढली आणि कढई जराशी कलती केली. दाट रस तापत होता. आधी मोठे संथ बुडबुडे, मग रस कडेने पिवळसर दिसू लागला, मग फटफट असा बारीक आवाज, आणि एकदम मध्यभागी पांढऱ्या कण्या आणि भोवती स्वच्छ तेल. "फुटलो," काकी म्हणाली. तिच्या आवाजात इतकी हळहळ होती की क्षणभर मलाही वाटलं, बिघडलं. वाटण टाकलं. अंगणभर वास गेला, शेजारचं कुत्रं कुंपणाशी येऊन बसलं.

पाच मिनिटं परतून कोंबडी, पातळ रस, फिश सॉस, थोडा गूळ, वांग्याच्या फोडी. शेवटी सब्जाची पानं आणि पपनसाचं पान.

११.३०. कोळंबीची डोकी तेलात परतून, डावाने चेचून, गाळून घेतली. शेंदरी तेल. रामेनवर चमचाभर घालायचं. या सगळ्या उद्योगातली सर्वांत सोपी गोष्ट आणि सर्वांत जास्त कौतुक हिचंच झालं. डोकी टाकू नका.

१२.१५. शिरवाळ्या. तांदळाच्या पिठाची उकड काढून उंडे केले, उकळत्या पाण्यात तरंगेपर्यंत शिजवले. साच्यात गरम असतानाच घालावे लागतात. पहिला उंडा आम्ही फोटो काढण्यात थंड केला. मास्तर दांड्यावर लोंबकळले, साचा उचलला गेला, शेवया नाहीत. दुसऱ्या उंड्याला एकाने साच्याचे पाय धरले, दोघांनी दांडा दाबला, आणि खाली ताटात पांढरी लड उतरली. त्यानंतर चुकलं नाही. एक आत घालणार, दोन दाबणार, एक ताट फिरवणार: चार माणसांचं काम आहे, दोघांत जाऊ नका.

१.३०. वेळापत्रकाप्रमाणे जेवण. प्रत्यक्षात सगळे अजून कांद्याच्या सालींत.

२.२०. रामेन. आठ जणांच्या नूडल्स एकदम पाण्यात टाकायला लागलो, पाणी थंडावलं, पिठाची कांजी झाली. अर्ध्या नूडल्स गिच्च. उरलेल्या दोन-दोन वाडग्यांच्या मापाने, खळखळत्या पाण्यात दोन मिनिटं. त्या मात्र जशा हव्या होत्या तशा, दाताखाली ताण देणाऱ्या. गिच्च वाटे मी आणि बाबलोने घेतले, यजमान म्हणून.

३.१०. पंगत ओसरीवर, केळीच्या पानावर करी-शिरवाळ्या. सगळे गप्प होते. काकीने आधी शिरवाळ्यांवर गुळाचा रस घेतला, तो तिने वेगळा करून ठेवला होता. मग दुसऱ्या कोपऱ्यात चमचाभर करी. मग पुन्हा करी. मत विचारलं तर म्हणाली, मीठ जास्त आहे. बरोबर होतं, फिश सॉस घालून वर मीठ घातलं होतं मी.

४.३०. आंबा आणि चिकट भात. दीड डझनातले तीन आंबे आतून खराब निघाले. बाकीच्यांबद्दल काय लिहायचं, मानकुराद होता. वहिनी म्हणाल्या, भाताची गरज नव्हती.

२० मे, सोमवार

हिशोब, चाचण्यांसकट. चिकट तांदूळ ४८०, फिश सॉस ३२०, सोया सॉस १४०, मैदा १५०, हाडं आणि पाय ३६०, कोंबडी ४८०, कोळंबी ५००, नारळ चौदा ४२०, आंबे १,३५०, गालमो १००, भाज्या आणि मसाले ४६०, कुलिंजन ६०, तांदळाचं पीठ ६०, पेट्रोल ४००, गॅस अंदाजे तीन किलो म्हणजे १७०. एकूण ५,४५०. माणशी ६८१. जवळजवळ चौथा हिस्सा आंब्याचा. बँकेतल्या दोघांनी हा मुद्दा लगेच काढला, खाताना काढला नव्हता.

पुन्हा करायचं झालं तर रामेन काढून टाकीन. वेळ सगळ्यात जास्त त्याने खाल्ला, आणि आठ जणांच्या घरगुती पंगतीत गरम वाडगा एकाच क्षणी सगळ्यांपुढे येत नाही. ग्योझा आदल्या दिवशी भरून फ्रीजवर सोडणार नाही, सकाळी सगळ्यांना बसवून भरायला लावीन. करी आणि शिरवाळ्या ठेवीन. आणि कागदावर पदार्थ न लिहिता जाळ लिहीन: शेगडी एक, शेगडी दोन, चूल, कोणत्या वेळी कोणावर काय.

उरलेलं वाटण तळहाताएवढ्या पुड्या करून फ्रीजरमध्ये. साचा धुवून, भोकं दाभणाने साफ करून परत दिला.

२३ मे, गुरुवार

वाटणाची एक पुडी काकीला दिली होती. आज बाबलोचा फोन, तिने त्यात बांगडे घातले. रस फोडला का, विचारलं. "छे," तो म्हणाला, "ढवळत होती सारखी."

आणि आमच्याकडे दुपारी भात अर्धा शिजलेला असताना सिलिंडर संपला.